गोदाक्काचे फुगे

प्रणोती कारंडेने त्या सकाळी चहा उतू घालवला आणि दोष नवऱ्याला दिला. नवरा बिचारा मागच्या अंगणात ब्रश धूत होता. त्याला चहा ठेवल्याचंही माहीत नव्हतं.

"तुझ्यामुळं!" ती खिडकीतून ओरडली.

"बरं," धैर्यशील म्हणाला आणि पुन्हा ब्रशाला लागला. हेच तिला सहन होत नव्हतं. माणसाने एकदा तरी उलटून बोलावं की नाही!

चहा उतू जायचं खरं कारण तिच्या हातातल्या पडद्यावर होतं. ‘गिरणीवाली गोदाक्का’च्या पाचव्या पुस्तकातली पहिली वीस पानं आदल्या दिवशी वाचकांसमोर गेली होती आणि आज त्यांचा नजरनकाशा आला होता. वाचकांची नजर जिथे थांबली तिथे हळदीचा पिवळा, जिथे ती खरोखर गुंतली तिथे कुंकवाचा लाल, आणि बाकी सगळं राखाडी. सातव्या पानावर तिने अख्खा आठवडी बाजार काढला होता. संकेश्वरी मिरचीचे ढीग, तराजूत बसलेलं मांजर, बांगड्या भरताना तोंड वाकडं करणारी नवी नवरी, असं काय काय. अकरा दिवस मान मोडून काढलेलं ते चित्र नकाशात चुलीतल्या राखेसारखं दिसत होतं. लाल होते फक्त संवादांचे फुगे. आणि फुग्यांतली अक्षरं धैर्यशीलची होती.

गोदाक्का म्हणजे कोण, ते सांगायला हवं. एका लहानशा गावात पिठाची गिरणी चालवणारी साठीची बाई. दळण टाकायला येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलतो, त्यांतलं कोण खोटं बोलतंय ते गोदाक्का ओळखते आणि गावातल्या चोऱ्यामाऱ्या उलगडते. गोष्ट प्रणोतीची, चित्रं प्रणोतीची. प्रकाशकांनी नाकं मुरडली, म्हणून गडहिंग्लजच्या दोन खोल्यांतून तिने चार पुस्तकं थेट वाचकांच्या पाठबळावर काढली होती. पाचव्यासाठी ती ‘मांडव’ या वर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळावर उतरली. मांडवचा नियम सोपा: तीस दिवसांत चार हजार पाठीराखे जमले तर पुस्तक छापायचं, एक जरी कमी पडला तर सगळ्यांचे पैसे परत आणि पुस्तक रद्द. दर आठवड्याला काही पानं दाखवायची, लोकांना पटलं तर ते थांबतात, नाही पटलं तर नाव काढून घेतात. पाचवं बुडालं तर गोदाक्काची गिरणी बंद, हे प्रणोतीने मनाशी पक्कं केलं होतं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

नजरनकाशा ही मांडवचीच देणगी. त्यामागचं शास्त्र काही जादूचं नाही. वाचताना आपला डोळा सरकत नाही, उड्या मारतो. प्रत्येक उडीनंतर सेकंदाच्या जेमतेम पाव भागाइतका थांबतो आणि जे काही दिसतं ते तेवढ्या थांब्यात दिसतं. उडी चालू असताना माणूस जवळजवळ आंधळाच असतो. दुसरी गोष्ट बाहुलीची. मन कशात गुंतलं की उजेड तोच असला तरी डोळ्यातली बाहुली किंचित रुंदावते. हे डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं, पण मोजायला प्रयोगशाळा आणि हनुवटी टेकवायची लोखंडी चौकट लागायची. आता फोनच्या काचेमागेच न दिसणाऱ्या उजेडाचा कॅमेरा आला होता. तो भोवतालचा उजेड वजा करून बाहुलीतला केसाएवढा फरकही टिपायचा. वाचकाने एकदा ‘हो’ म्हटलं, की त्याचे डोळे कुठे थांबले आणि किती रमले ते हजारो लोकांच्या बेरजेत चित्रकाराला दिसायचं.

का रमले, ते मात्र यंत्राला कळत नाही. तसं मांडवच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. बारीक अक्षरं प्रणोतीने कधीच वाचली नव्हती.

धैर्यशील मूळचा बोर्ड पेंटर. एके काळी तालुक्यातल्या निम्म्या दुकानांवर त्याचं अक्षर होतं. मग चमकणारे पडदे आले, बोर्ड आपले आपणच बदलायला लागले आणि याचे डबे वाळून गेले. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रणोतीच त्याला म्हणाली होती, "नुसता बसून काय करतोस? फुगे भर." दया म्हणूनच म्हणाली होती, खोटं कशाला बोला. तो कागद घेऊन बसला. आधी सगळी अक्षरं बिनरेघेची लिहायची, मग ब्रश पुन्हा बुडवून, श्वास धरून, वरची रेघ एका दमात ओढायची, ही त्याची बोर्डावरची जुनी रीत. चार पुस्तकं झाली तरी तीच.

आणि आता लोकांना वेड लागलं होतं ते त्या अक्षरांचं! मांडवकडून तिच्या मोहिमेची देखरेख करणारी पुण्याची ईशानी सबनीस फोनवर सारखी तेच. "ताई, तुमच्या यजमानांची मुलाखत घेऊया ना! अक्षरवाले काका म्हणून. फुग्यांवरची ओढ बघितलीत का तुम्ही? मी असं कुठल्याच चित्रकथेत बघितलेलं नाही."

"बघितली," प्रणोती म्हणाली. "त्यांना बोलायला आवडत नाही."

धैर्यशीलला तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी कोल्हापुरात चाहत्यांचा मेळावा होता. मिरजेच्या दवाखान्यात परिचारिका असलेल्या मुमताज बागवान या बाईने ‘गोदाक्काची पंचायत’ नावाचा चाहत्यांचा गट जमवला होता, त्या गटाचा हा मेळावा. प्रणोती नवी इरकल नेसून गेली. पन्नास पुस्तकांवर सह्या करायची तयारी म्हणून दोन पेनं घेतली. टेबलाच्या कडेला धैर्यशील बसला होता, तो आपला पिशव्या सांभाळायला आलेला.

रांग लागली. रांग त्याच्यापुढे लागली.

"काका, माझं नाव लिहा ना." "काका, नुसतं ‘गोदाक्का’ लिहा, पण गोदाक्कासारखं." एका पोरीने तर दंडच पुढे केला, त्यावर गोंदवून घेणार म्हणे! धैर्यशील कानापर्यंत लाल होऊन लिहीत होता. प्रणोतीकडेही लोक येत होते, नाही असं नाही. "ताई, छान असतं हां तुमचं," असं म्हणून पुढे सरकत होते. देवळात मुख्य मूर्तीकडे जाताना वाटेतल्या मारुतीला हात जोडतात, तसं. शेवटी मुमताजने हसत हसत आपला फोन प्रणोतीच्याच हातात दिला. "ताई, आमचा काकांबरोबर एक फोटो काढता?"

तिने काढला. चांगला काढला, मेलं चित्रकाराचं डोकं. पण घरी येईपर्यंत तिच्या नाकाला झोंबलेली मिरची काही उतरली नाही.

"दमलीस?" गाडीत त्याने विचारलं.

"मी कशाला दमू? मला काय काम होतं?"

त्या आठवड्यापासून तिने फुगे लहान काढायला सुरुवात केली. आधी बोटभर, मग नखभर. धैर्यशील बारीक ब्रश घेऊन तेवढ्यातच बसवू लागला. अक्षरं लहान झाली तरी नकाशात कुंकू तिथेच. प्रणोतीला रडूच यायचं बाकी होतं. कल्पना माझी, गाव माझं, गोदाक्काच्या कपाळावरची आठीनआठी माझी, आणि हा माझ्याच दयेवर भरलेल्या फुग्यांत बसून माझे वाचक घेऊन चाललाय! हेवा वाटत होता. नवऱ्याचाच हेवा. सांगायचं कुणाला?

तिसऱ्या आठवड्याची पानं तयार झाली तेव्हा पाठीराखे तीन हजार सहाशेवर गेले होते. धैर्यशीलने सगळे फुगे लिहून ठेवले आणि तो तीन दिवस नेसरीजवळच्या एका गावात गेला. तिथल्या तालमीला पडद्याचा नको, हाताने रंगवलेलाच बोर्ड हवा होता.

मांडवकडे ‘अक्षरसाचा’ नावाची एक सोय होती. कुणाच्याही हस्ताक्षराचे नमुने दिले की तो साचा ते अक्षर शिकून घ्यायचा आणि हवा तो मजकूर त्याच हातचा वाटावा असा लिहून द्यायचा. प्रणोतीने जुनी चारही पुस्तकं साच्याला दिली. धैर्यशीलचे फुगे पुसले, साच्याचे भरले. फक्त बघायचं होतं तिला. त्याच्या हाताशिवाय लोकांचं अडतं का, एवढंच. साच्याने काम नामी केलं. गाठी त्याच, वळणं तीच, उकाराची शेपटी तीच. मध्येच रेघेत पडलेल्या फटी साच्याने शाई सुकल्याच्या चुका समजून सांधल्या होत्या आणि तळाला तशी नोंदही दिली होती. प्रणोतीला उलट बरंच वाटलं. सफाई आली म्हणाली आणि पानं चढवली.

दुसऱ्या दिवशी नकाशा आला. फुगे राखाडी!

ती एकटीच स्वयंपाकघरात हसली. शेवयांची खीर करून खाल्ली. संध्याकाळी तिने नकाशा पुन्हा उघडला. फुग्यांतलं कुंकू गेलं होतं खरं, पण ते तिच्या चित्रांवर आलं नव्हतं. ते कुठेच नव्हतं. लोक पानं भराभर उलटत होते, लग्नपत्रिका वाचावी तशी. गिरणीतल्या पट्ट्याखाली लपलेला चोर तिने केवढ्या कौतुकाने काढला होता, त्याच्यावर पिवळा ठिपकासुद्धा नाही. आणि पूर्वी? तिने मागच्या आठवड्यांचे नकाशे काढून नीट बघितले. फुग्यांच्या लालभडक रंगापुढे तिला कधी दिसलंच नव्हतं, पण फुग्यातून निघालेली नजर खाली बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उतरत होती, मग त्याच्या हातांवर, मग पुन्हा फुग्यावर. फिकट पिवळी का होईना, पण वाट होती. आता तीही मोडली.

तिसऱ्या दिवशी पाठीराखे तीन हजार एकशेवर आले. ईशानीचा फोन आला. "ताई, काय बदललंत? अजून नऊ दिवस आहेत, पण हे असंच घसरलं तर मोहीम गेली म्हणून समजा."

धैर्यशील दुपारी परतला. पाय धुतले, भाकरी खाल्ली आणि खाटेवर बसून फोनवर नवी पानं बघितली. प्रणोती ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"पानं झकास झालीत की," तो म्हणाला. "चोर तर लई भारी."

मग उठला आणि अंगणात ब्रश धुवायला गेला. ब्रश स्वच्छच होते.

त्याला कळलं नाही, असं म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला. आणि लगेच रागही आला. स्वतःचं अक्षर ओळखता येत नाही आणि लोक याच्यासाठी रांगा लावतात!

मुमताजचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी. आवाज नेहमीसारखा हसरा नव्हता.

"ताई, स्पष्ट विचारते. यावेळी साच्यानं लिहिलंय का?"

"का बरं?"

"सगळे खरं बोलतायत म्हणून."

"म्हणजे?"

"ताई, थट्टा करताय काय? काकांची रेघ! जो खोटं बोलतो त्याच्या फुग्यात वरची रेघ एका ठिकाणी तुटलेली असते. बारीक, मुंगी जाईल एवढी. पहिल्या पुस्तकापासून आहे. तीच तर शोधत बसतो आम्ही. रेघ तुटलेली सापडली की खाली त्या माणसाचा चेहरा बघायचा, हात बघायचे, तुम्ही काय काय लपवलंय ते बघायचं. नवीन वाचकाला सांगायचं नाही, असा पंचायतीचा नियमच आहे. आम्हाला वाटायचं, ही तुम्हा दोघांची युक्ती."

"हो," प्रणोती म्हणाली. "दोघांचीच."

फोन ठेवून तिने पहिलं पुस्तक काढलं. पान बारा, कुलकर्णी दुकानदार: "मी त्या रात्री घरीच होतो." ‘घरीच’वर रेघ तुटली होती. पान एकोणीस, पाटलाची सून. पान तीस, खुद्द गोदाक्का, आजारी नातीला "काही होत नाही गं तुला" म्हणताना. तिथेही तुटली होती. प्रणोतीने बाकीची तीनही उघडली, तिथेही तेच. चार पुस्तकं, आणि तिने हे एकदाही बघितलं नव्हतं!

कसं बघितलं नाही? दोघांचं मांडवचं खातं एकच होतं, आणि घरच्या माणसांचे नकाशे खात्यात वेगवेगळे साठलेले असायचे. तिने आयुष्यात प्रथमच स्वतःचा उघडला. तिची सगळी चित्रं पिवळी-लाल, आणि प्रत्येक फुगा राखाडी. एकूण एक. शब्द आपलेच, पाठ आहेत, त्यात काय बघायचं, म्हणून तिची नजर प्रत्येक फुग्यावरून उडी मारून गेली होती. वाचकांनी एका पानाशी जे केलं म्हणून ती तीन आठवडे जळत होती, तेच तिने नवऱ्याशी सात वर्षं केलं होतं.

मग तिने त्याचा उघडला. कालचा, दुपारचा.

पहिल्या पानावर पहिल्याच फुग्यात नजर थांबली होती. पाव सेकंद नाही, अकरा सेकंद. बाहुली एवढी रुंदावलेली, की फुगा लाल नव्हे, काळपट दिसत होता. त्याला पहिल्या अक्षरालाच कळलं होतं. त्यानंतरचा एकही फुगा त्याने वाचला नव्हता. पण चित्रं? वीसच्या वीस पानांवरची चित्रं त्याने कोपऱ्या-कोपऱ्यातून बघितली होती. चोरावर तर नजर तीनदा परत आली होती. आणि मगच म्हणाला होता, झकास झालीत की.

प्रणोती अंगणात गेली. तो डब्यांची झाकणं पुसत होता.

"तुला कळलं होतं."

"काय?"

"गप. तुला कळलं होतं, तरी बोलला नाहीस. भांडला का नाहीस माझ्याशी?"

त्याने झाकण खाली ठेवलं. "भांडून काय? पुस्तक तुझं. फुगे काढून घ्यायचे तर तू घेणार." मग मान खाली घालून, "वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. चोरून कशाला केलंस? तोंडावर सांगायचंस, नको म्हणून."

"हेवा वाटला मला तुझा," ती म्हणाली, आणि एकदा तोंडातून बाहेर पडल्यावर थांबवता येईना. "त्या मेळाव्यात जीव जाईल असं झालं मला. माझ्या हातात फोन दिला रे तिने, फोटो काढायला! आणि ती रेघ... ती मला का नाही सांगितलीस?"

"सांगायची कशाला? कागदावर होती की. म्हटलं, कधीतरी दिसेल." तो ओशाळवाणा हसला. "पहिली चुकून तुटली. केस अडकला ब्रशात. पण त्या दुकानदाराला शोभली बघ."

त्याचे मूळ फुगे तिने टाकलेले नव्हते, एवढी अक्कल शाबूत होती. पानं तासाभरात पूर्ववत झाली. पण लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं. ईशानीचा सल्ला होता, तांत्रिक अडचण म्हणा आणि मोकळ्या व्हा. प्रणोतीने एक जास्तीचं पान काढलं. स्वतःचंच स्वयंपाकघर, उतू गेलेला चहा, ओट्यापाशी ती, दारात ब्रश घेतलेला तो. डोक्यांवर दोन फुगे, चांगले हातभर. आपल्या फुग्यासाठी तिने पेन्सिलीने लिहिलं: ‘यंत्रात बिघाड झाला, म्हणून अक्षरं बदलली.’

धैर्यशीलने अक्षरं लिहिली. ब्रश बुडवला, श्वास धरला, रेघ ओढत निघाला आणि ‘बिघाड’वर अलगद ब्रश उचलून पलीकडे टेकवला.

तिचा चेहरा गरम झाला. तो तिच्याकडे बघत होता. "पुसू?"

तीन हजार लोकांना आता कळणार होतं. मुमताजला तर पहिल्या झटक्यात. प्रणोतीने फटीकडे बघितलं, मग बराच वेळ बघतच राहिली.

"नको. राहू दे," ती म्हणाली. "आता तुझा फुगा." आणि त्यात पेन्सिलीने लिहिलं: ‘मला तर पत्ताच नव्हता.’

तो फसकन हसला. त्याचीही रेघ ‘पत्ताच’वर तुटली.

पान दुपारी चढलं. पंचायतीत जो गोंधळ उडाला तो सांगण्यात अर्थ नाही. मुमताजने फक्त एवढंच लिहिलं, "दोन सापडल्या. ताई, माफ." गेलेले परत आले आणि येताना आपली माणसं घेऊन आले. शेवटच्या दिवशी पाठीराखे चार हजार दोनशेच्या वर गेले. गोदाक्काची गिरणी चालू राहिली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन नावं आली, सारख्याच उंचीची. ती उंची प्रणोतीने स्वतः पट्टीने मोजून घेतली होती, एक सूतही जास्त नको म्हणून.

हेवा गेला असं मात्र कुणी समजू नये. त्या जास्तीच्या पानाचा नकाशा आला तेव्हा दोन फटी लालभडक होत्या, चेहऱ्यांवर थोडं पिवळं, आणि उतू चाललेला चहा, ज्याची वाफ काढायला तिला दीड दिवस लागला होता, तो राखाडी.

"बघ," ती पडदा नवऱ्याच्या नाकासमोर धरून म्हणाली. "चहा कुणी बघितलासुद्धा नाही."

"मी बघितला की."

"खोटं."

"देवाशप्पथ."

त्याचा नकाशा एका बोटावर होता. उघडला की झालं. तिने पडदा पालथा घातला आणि कागद पुढे सरकवला.

"लिहून दे."

धैर्यशीलने ब्रश घेतला. ‘मी बघितला’, आधी सगळी अक्षरं, बिनरेघेची. मग ब्रश पुन्हा बुडवला आणि श्वास धरला. प्रणोतीनेही धरला. रेघ ‘मी’वरून निघाली, ‘बघितला’वर चढली आणि पार शेवटच्या अक्षराच्या बाहेर जाऊन थांबली. मध्ये कुठेही तुटली नाही.